वरच्या वॉर्डात शिकवत होते

ह्यांची पाठ मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी नीट बघितली नव्हती. बघायचं कारणच पडलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की मोरीत बसून अंगावरचा रंग काढायचे, "अगं, मागचं जरा घास," म्हणायचे. मी घाईघाईने घासायचे आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून पळायचे. मानेखाली एक तीळ आहे, एवढंच मला माहीत होतं. आता त्या पाठीवरची जागा न् जागा मी डोळे मिटून सांगू शकते. कुठे हाड वर येतं, कुठे कातडी पातळ आहे, सकाळी कुठला भाग कोमट असतो आणि कुठला गरम.

हे बिल्डिंगा बाहेरून रंगवायचे. कोथरूडला एका सोसायटीचं काम चालू होतं. तिथे परांचीचा बांबू सुटला आणि हे खाली आले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला, असं सगळे म्हणाले. मणका मोडला होता. ऑपरेशन करून आत पट्टी बसवली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की कमरेखाली आता काही परत येणार नाही. पाय हलणार नाहीत, हात लावलेला कळणार नाही, लघवी झालेलीसुद्धा कळणार नाही. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. मग ते म्हणाले, "पण हात चांगले आहेत. रंगाऱ्याचे हात आहेत. अशा लोकांना चाकाच्या खुर्चीवर बसायला शिकवणारं एक केंद्र आहे. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून संडासला, सगळं आपलं आपण करायला शिकवतात. मी चिठ्ठी देतो. अट एकच. पाठ शाबूत पाहिजे. पाठीला जखम असलेला पेशंट ते घेत नाहीत. जखमेवर माणूस बसवणार कसा?"

हे ह्यांना सांगितलं तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"खुर्चीवर बसून रंग मारता येईल की," ते म्हणाले. "कंबरेपर्यंतच्या भिंती माझ्या. वरचं ज्याला पाय हायत त्यानं करावं."

त्या दिवसापासून आम्हाला धरायला तेवढीच एक गोष्ट होती. पाठ शाबूत राहिली पाहिजे.

आमचा वॉर्ड खालच्या मजल्यावर, पुरुषांचा. खाटा एकमेकींना लागून, खाली जमिनीवर आम्ही बायका. सगळ्या वॉर्डला मिळून बहुतेक वेळा एकच सिस्टर असायच्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नाही. पहिल्याच दिवशी सलाईन लावता लावता त्या म्हणाल्या, "कूस बदलत जा हं पेशंटची," आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी मान डोलावली. पण बदलायची कशी? मणक्यात पट्टी आहे. मी ओढलं आणि ती सरकली तर? ह्यांनाही तीच भीती. मी खांद्याला हात लावला की हे ओरडायचे, "राहू दे, राहू दे, मोडशील मला." आणि त्यांना दुखत तर काहीच नव्हतं. आपल्याला एका अंगावर पडून कळ लागली की आपण झोपेतसुद्धा वळतो. ह्यांना कळच लागत नव्हती. म्हणून हे उताणे पडून राहायचे आणि मी शेजारी बसून राहायचे.

सिस्टरना परत विचारावं असं रोज मनात यायचं. त्या जवळून गेल्या की मी उठून उभी राहायचे. "काय हवंय?" त्या विचारायच्या. आणि माझ्या तोंडून यायचं, "काही नाही." मी सोसायट्यांमध्ये पोळ्या करते. धायरीत. लोकांच्या स्वयंपाकघरात बोलायचं नसतं, काम करून निघायचं असतं. मला तेच अंगवळणी पडलं आहे.

अशात ती ताई आली.

बारीक अंगाची, पांढरा कोट, खांद्याला पिशवी. खाटेपाशी थांबून आधी तिने ह्यांना नमस्कार केला, मग मला. "काकू, मी नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेतेय," ती म्हणाली. "माझ्या अभ्यासासाठी मला काकांची पाठ अधूनमधून बघायची आहे. औषध देणार नाही, सुई टोचणार नाही. फक्त बघणार आणि लिहून घेणार. चालेल का?"

तिने एक कागदही वाचून दाखवला, पण माझ्या कानात एवढंच राहिलं की ही पाठ बघणार आहे. चालेल का म्हणजे काय! मी लगेच सही केली.

तिने मला थोडं विचारलं. वय किती, शिक्षण किती. चौथी, मी म्हटलं. मग म्हणाली, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम कशाने होते, काकू?"

"घामाने?" मी म्हटलं.

तिने लिहिलं.

"बरोबर का, ताई?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं, परीक्षा असेल, उत्तर आधी फोडत नसतील.

मग तिने ह्यांना कुशीवर घेतलं. माझ्यासारखं चाचरत नाही. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि हे ओरडायच्या आत वळलेले. तिने पाठ बघितली, टाचा बघितल्या, माकडहाडावर बोट दाबून उचललं आणि त्या जागेकडे बघत राहिली. एवढ्या सावकाश त्या दवाखान्यात कुणी ह्यांच्या अंगाला हात लावला नव्हता. मला रडू यायला लागलं. मला वाटलं, सुटलो.

त्या दिवसापासून हे शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगायला लागले, "आमची पाठ बघायला खास बाई येती. तुमचं काय बघायला येती का कुणी?"

"माझ्याकडं काय बघायचंय? मी तर चालता-फिरता हाय," तो म्हणायचा.

"मग चाला की. पडून कशाला ऱ्हायलाय?"

ती यायच्या दिवशी मी चादर ताणून घालायचे. ह्यांचे केस विंचरायचे. थर्मासमधला चहा पुढे करायचे. तिने तो कधी घेतला नाही. "नको काकू, अभ्यासात चालत नाही," म्हणायची. घरून फोन आला की मी सांगायचे, पाठीची काळजी नाही, एक मॅडम मुद्दाम बघून जातात. सिस्टरना काही विचारायचं उरलंच नव्हतं. पाठ बघणारी होती ना.

मधल्या वेळात मी आपली समजुतीने खोबरेल तेल लावून माकडहाडाची जागा चोळायचे. हे उताणेच असायचे, मी खालून हात घालून चोळायचे. जितका जोर लागेल तितका. रक्त फिरायला पाहिजे, असं मला वाटायचं.

एके दिवशी ताईने त्या जागेवर बोट दाबून उचललं आणि परत दाबलं. मी वाकून बघितलं. जागा लाल होती. बोट उचललं तरी लालच. तिचा चेहरा उतरला. तिने लिहिलं. मग वही मिटून ती तशीच उभी राहिली.

"काकू, सिस्टरना दाखवलंत का हे?"

"तुम्ही बघितलंत ना, ताई."

तिने वही पिशवीत टाकली. मग स्वतःच सिस्टरकडे गेली. मी लांबून दोघींना बोलताना बघितलं. सिस्टर आल्या, मलम लावलं, म्हणाल्या, "बाई, तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं कूस बदला म्हणून. हवेची गादी आली की देते. सध्या सगळ्या कुणा ना कुणाच्या खाली आहेत." मग पलीकडे कुणाचं तरी सलाईन संपलं आणि त्या पळाल्या.

मी ह्यांच्या एका अंगाखाली उशी कोंबली. जरा वेळाने हे घसरून परत पाठीवर आले. मी परत कोंबली. तेल जास्त वेळ चोळलं.

सकाळी गरम पाण्याच्या नळावर सगळ्या वॉर्डांतल्या बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या असायच्या. तिथे मंडईतल्या मावशी भेटल्या. मंडईत लिंबं, आलं, कोथिंबीर विकायच्या. आवाज असा की रांगेच्या शेवटी उभ्या असल्या तरी नळापाशी ऐकू यायच्या. त्यांचा धाकटा भाऊ टेम्पोतून पडून ह्यांच्यासारखाच कमरेखाली लुळा झाला होता. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होता.

"पाणी काय कढत नेतेस ग?" त्या मला म्हणाल्या. "कातडी सोलायचीय का नवऱ्याची? कोमट ने. अंग पुसून टिपून घ्यायचं, घासायचं नाही. सांगितलं नाही तुला?"

"कुणी?"

"ती पांढऱ्या कोटवाली काडी. येते ना खाली तुमच्याकडे?"

"येतात. बघून जातात."

"बघून जातात? आम्हाला तर मास्तरणीसारखी बसवते. एका बाईला पेशंट करून झोपवलं आणि सगळ्यांकडून वळवून घेतलं. माझ्याकडून तर परत परत करून घेतलं. मी म्हटलं, पोरी, मी कोथिंबिरीची पोती उलटते रोज, मला काय शिकवतेस? तर म्हणे, मावशी, भाऊ म्हणजे पोतं नाही." मावशी हसल्या. "भावाची पाठ बघ येऊन. आरसा आहे नुसता."

माझी बादली भरून वाहायला लागली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, झोपलात काय?"

दुपारी मी वर गेले. जिन्याच्या कोपऱ्याला व्हरांड्यात आठ-दहा जणी बसल्या होत्या. भिंतीला तक्ता टांगलेला, त्यावर माणसाची पाठ काढलेली, जखम होते त्या जागांवर लाल ठिपके. समोर आमची ताई. मी दाराआड उभी राहिले.

मी जे ऐकलं ते सगळं मला आठवतं. ती सांगत होती, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथे रक्त पोचत नाही, म्हणून जखम होते. दुखत नाही म्हणून वाट बघू नका, पेशंट सांगणार नाही, त्याला कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदला. ओढू नका. खाली आडवी चादर घाला, तिला धरून उचला. मणक्याचं ऑपरेशन असेल तरी घाबरू नका. खांदा आणि कंबर एकदम वळवायची, लाकडाचा ओंडका लोटतो तशी, म्हणजे पट्टीला काही होत नाही. पिंढऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. आणि लाल झालेली जागा चोळायची नाही. अजिबात नाही. चोळलं की आतलं मांस आणखी फाटतं.

मी माझ्या हातांकडे बघितलं. खोबरेल तेलाचा वास येत होता.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली आणि ती बोलायची थांबली.

जिन्यात तिने मला गाठलं. "काकू, तुम्ही इथे यायला नको होतं."

"का?"

ती पायरीवर बसली. मीही बसले. तिने मला समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, कारण शिकवायची तिला हातोटीच होती. घरच्या माणसांना नीट शिकवलं तर पेशंटच्या जखमा कमी होतात का, हे तिला दाखवायचं होतं. म्हणून एका वॉर्डात शिकवायचं, दुसऱ्यात नेहमी चालतं तसं चालू द्यायचं, दोन्हीकडच्या पाठी बघत राहायचं आणि शेवटी ताडून बघायचं. सगळ्यांनाच शिकवलं तर शिकवण्यामुळे फरक पडला हे कळणार कसं?

"आम्ही कशातले?" मी विचारलं. मला कळलं होतं तरी विचारलं.

"नेहमीच्यातले," ती म्हणाली.

मला ते समजलं हेच वाईट झालं. समजलं नसतं तर शिव्या देता आल्या असत्या. नवीन पीठ आलं की मीही जुन्या पिठाची एक पोळी आणि नव्याची एक करून शेजारी ठेवते. दोन्ही नव्याच्या केल्या तर काय कळणार? पण ती पोळी असते.

"मग ताई, तुम्ही बघत काय होतात?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "जागा लाल झालेली तुम्हाला कळली. मी तेल चोळते हे तुमच्या नाकाला कळलं असेल. तुम्ही बघत होतात म्हणून मी दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. तुम्ही बघताय, एवढंच मला पुरत होतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वयाने माझ्या पोटच्या पोरीएवढी. म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं काकू, की मी फक्त बघणार. लाल दिसल्यावर सिस्टरना सांगायचा नियम आहे, मी सांगितलं. त्याच्या पुढे काही केलं तर अभ्यास बाद होतो. तुम्हालाही शिकवणार आहे. नियमच आहे तो, शेवटी राहिलेल्या वॉर्डला पण शिकवायचं."

"शेवटी म्हणजे कधी?"



मी खाली आले आणि आडवी चादर घातली. ह्यांना म्हटलं, "ओरडायचं नाही. मी ओंडका लोटणार आहे." शेजारच्या म्हाताऱ्याच्या बायकोला पलीकडे उभं केलं, खांदा आणि कंबर एकदम धरून वळवलं. हे वळले. काही मोडलं नाही. इतकं सोपं होतं. पण पाठ वळल्यावर मला दिसलं, लाल जागेच्या मधोमध काळा डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी मंडईतल्या मावशी खाली आल्या. वरच्या वॉर्डातलं खाली सांगायचं नाही असं त्यांनाही सांगितलं गेलं होतं. "मला कोण काढून टाकतंय?" त्या म्हणाल्या. पदर खोचून त्यांनी मला उशा कशा लावायच्या ते दाखवलं, पाठ बघितली आणि गप्प झाल्या. त्या गप्प झालेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. मग माझ्यावरच खेकसल्या, "तोंड कुठे ठेवलं होतंस इतके दिवस? बरणीत घालून? दोन मजले चढून आली असतीस तर!"

"मला माहीत नव्हतं, वर काही आहे," मी म्हटलं.

काळा डाग सुटला. आत पोकळ होतं. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं, ते ह्यांना कळलंही नाही. माझ्याकडे तोंड करून कुशीवर पडले होते आणि विचारत होते, "झालं का? काय करतायत मागं?" मी म्हणत होते, "साफ करतायत." वासाने म्हाताऱ्याने खाट बदलून मागितली. मी कूस बदलत होते, टिपून घेत होते, चादर धरून उचलत होते. मला आता सगळं येत होतं आणि जखम आपली वाढत होती. ताई पाठ बघायला येत होती. लिहायची आणि माझ्याकडे न बघता जायची.

मावशींचा भाऊ केंद्रात गेला. जायच्या दिवशी त्या कोथिंबिरीची जुडी घेऊन निरोप द्यायला आल्या. दवाखान्यात मी कोथिंबीर कशात घालणार होते? पण त्यांना दुसरं काय द्यावं ते सुचलं नसेल. मी ती उशाला ठेवली. वाळून गेली.

मग आम्हीही चिठ्ठी घेऊन केंद्रात गेलो. अँब्युलन्समधून स्ट्रेचर उतरायच्या आधी तिथल्या डॉक्टरीणबाई आत चढल्या, ह्यांना वळवून बघितलं, आणि फार चांगल्या शब्दांत म्हणाल्या, "जखम भरली की या. आम्ही नक्की घेऊ." उघड्या दारातून मैदान दिसत होतं. माणसं खुर्च्या फिरवत होती. एकजण तर चेंडू टाकत होता. हे बघत राहिले. परत येताना सिंहगड रोडला आमची गाडी अडकली तेव्हा मी म्हटलं, "भरेल." त्यानंतर त्यांचं चेष्टेने बोलणं जवळजवळ बंदच झालं.

आता धायरीला घरीच आहोत. जखमेवर भार नको म्हणून हे जास्त वेळ पालथेच असतात, हनुवटीखाली उशी घेऊन. माझी पोळ्यांची बरीच घरं सुटली. जी जवळ आहेत तिथे मी पळत जाते आणि कूस बदलायच्या वेळेला पळत येते. गॅसवर पोळी असते आणि माझं लक्ष दाराकडे. एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही पोळ्या करायला येता की हजेरी लावायला?" खरं आहे त्यांचं.

आज दुपारी ताई आली. पत्ता विचारत विचारत, बसने, हातात गुंडाळलेला तक्ता. अभ्यास संपला म्हणाली. राहिलेल्या वॉर्डला शिकवायला आली होती. प्रत्येकाच्या घरी जाते आहे.

मी तिला आत घेतलं. तिने तक्ता खिळ्याला अडकवला. लाल ठिपक्यांची तीच पाठ. आणि खाली खाटेवर ही पाठ. तिने सुरुवातीपासून शिकवायला घेतलं. हाड, गादी, मध्ये कातडी. सगळं वाक्य न् वाक्य तेच होतं, पण जखम होऊ नये म्हणून काय करायचं, इथे आली आणि तिचा आवाज थांबला. मी म्हटलं, "सांगा ताई. पूर्ण सांगा." मला ते पुरं ऐकायचं होतं. दाराआडून नाही, समोर बसून. ते आमच्या वाटणीचं होतं.

मग तिने पहिल्या दिवशीचेच प्रश्न विचारले. जखम कशाने होते. कूस कधी बदलायची. लाल जागेला काय करायचं नाही. मी सांगितलं.

"सगळी उत्तरं बरोबर आहेत, काकू," ती म्हणाली आणि खाली बघितलं. "काही विचारायचंय का?"

"मला विचारायचंय," हे उशीत तोंड ठेवून बोलले. "आमचा वॉर्ड हारला का?"

ताई तक्ता गुंडाळायला लागली.

"सांग की. खेळात हारजीत असतीच."

"हो, काका. वरच्या वॉर्डात जखमा बऱ्याच कमी झाल्या."

"म्हंजी तुझं शिकवणं खरं ठरलं."

"हो."

"बरं झालं. नायतर आम्ही उगाच पडलो असतो." मग म्हणाले, "आता खाली शिकवत्यात का मग?"

"अजून नाही," ती म्हणाली. "मी लिहून दिलंय. शिकवायला माणूस नेमायला पाहिजे म्हणतात. बघू म्हणतात."

"बघू," हे म्हणाले. "बघत्यात ते चांगलं."

निघण्याआधी तिने मला विचारून पट्टी काढली आणि जखम बघितली. तिने बघितलं ते मी सकाळीच बघितलं होतं. जखमेच्या तळाशी पांढरं दिसतं आहे. मी ह्यांना सांगितलेलं नाही. ताईने माझ्याकडे बघितलं. वही तिच्या पिशवीत होती, तिने ती काढली नाही. नवी पट्टी बांधली, चप्पल घालता घालता मला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, ते हाड आहे. उद्याच न्या. थांबू नका. आत पू गेला तर ताप येईल, आणि मग नुसती खुर्ची राहणार नाही, काका राहणार नाहीत." मग म्हणाली, "मी सकाळी दवाखान्याच्या दाराशी थांबते. मी बोलते सिस्टरशी." मी मान डोलावली. ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे बघत गेली.

मी आत आले. कूस बदलायची वेळ झाली होती. आडवी चादर धरून मी ह्यांना भिंतीकडे तोंड करून वळवलं. ही भिंत ह्यांनीच रंगवलेली, कुठल्याशा कामावरून उरलेल्या रंगाने. खालून ओल आली आहे, कंबरेच्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटले आहेत.

"काय म्हणाली ती बाहेर?"

"उद्या दवाखान्यात दाखवून आणा म्हणाली."

हे पापुद्र्यांकडे बघत राहिले. हात लांब करून एक पापुद्रा नखाने काढला. हातात अजून जोर आहे.

"खुर्ची आली की पयली हीच भिंत," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं आणि पिंढऱ्यांखाली उशी सरकवली. कपाळाला हात लावून बघितला. दुपारपेक्षा गरम वाटलं. परत लावला. मग अँब्युलन्सवाल्याला फोन करायला बाहेर गेले. पलीकडून कुणी उचललं की काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून घेतलं, आणि या खेपेला बोलले, "ताप आहे. गाडी आत्ताच पाहिजे."